शंका घ्यावी, पण किती?

संख्याशास्त्राची तोंडओळख करून देणारे सोपे पुस्तक कोणते, असे शिक्षकांनी विचारले की आम्ही एकच नाव सांगत आलो : डॅरेल हफ यांचे ‘हाऊ टू लाय विथ स्टॅटिस्टिक्स’. १९५४ साली अमेरिकेत निघालेले हे छोटेखानी पुस्तक आयर्व्हिंग गाइस यांच्या मिस्कील चित्रांच्या साथीने आकड्यांच्या लबाड्या उघड करते. अलीकडे ते पुन्हा वाचले, तेव्हा आमचे मत थोडे बदलले. त्याची कारणे शिक्षकांपुढे ठेवावीशी वाटतात.

आधी गुण पाहू. पाठ्यपुस्तकात मध्य, मध्यक आणि बहुलक ही तीन प्रकारची गणिते म्हणून येतात. मुले उत्तरे बरोबर काढतात. पण यांपैकी कोणते माप केव्हा वापरावे, हा प्रश्न त्यांना पडत नाही. हफ नेमके त्यावरच बोट ठेवतात. समजा, एका कारखान्यात नऊ कामगारांना दरमहा १५,००० रुपये मिळतात आणि मालक ३,६५,००० रुपये घेतो. दहा जणांच्या उत्पन्नाचा मध्य ५०,००० रुपये येतो, मध्यक मात्र १५,००० रुपये. ‘आमच्याकडे सरासरी उत्पन्न पन्नास हजार’ हे विधान गणिताने बरोबर आहे. पण तेवढे उत्पन्न असलेला माणूस तिथे एकही नाही!

आलेखांचे प्रकरणही तसेच उपयोगी आहे. शाळेचा निकाल ८२ टक्क्यांवरून ८४ टक्क्यांवर गेला आणि स्तंभालेखाचा उभा अक्ष शून्याऐवजी ८० पासून काढला, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या दुप्पट उंच दिसतो. हे फळ्यावर दोनदा काढून दाखवले की मुले विसरत नाहीत.

आता उणीव. आकडे कसे फसवतात हे पुस्तक पानोपानी सांगते. काळजीपूर्वक गोळा केलेल्या आकड्यांतून सत्य कसे हाती येते, हे मात्र जवळजवळ सांगतच नाही. त्यामुळे ‘आकडे काय, कसेही फिरवता येतात’ एवढेच शिकून विद्यार्थी पुस्तक मिटतो. हा धोका काल्पनिक नाही. खुद्द लेखकाच्या बाबतीतच तो दिसून आला.

१९५० साली इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी फुप्फुसाचा कर्करोग झालेले ६४९ पुरुष आणि इतर आजारांचे तितकेच पुरुष यांची तुलना केली. पहिल्या गटात धूम्रपान न करणारे अवघे २ होते, दुसऱ्यात २७. यावर शंका घेता येतात. रुग्णांनी आपल्या सवयी नीट आठवून सांगितल्या असतील का? तुलनेचा गट योग्य होता का? म्हणून १९५१ साली त्यांनी ब्रिटिश डॉक्टरांना त्यांच्या सवयी आधीच विचारून ठेवल्या आणि पुढे कोण कशाने दगावते याची नोंद ठेवली. १९५४ साली, म्हणजे हफ यांचे पुस्तक निघाले त्याच वर्षी, पहिला अहवाल आला : धूम्रपान जितके जास्त, तितके या कर्करोगाने होणारे मृत्यू जास्त.

तरीही १९६५ साली हफ अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे तंबाखू उद्योगाच्या बाजूने साक्ष द्यायला उभे राहिले. करकोचे बाळे आणतात, अशी युरोपातील लोकसमजूत आहे. करकोच्यांची संख्या आणि बाळांचे जन्म यांच्यातला संबंध आणि हा संबंध त्यांनी एकाच माळेत ओवला. त्याच उद्योगासाठी ते धूम्रपानाच्या आकडेवारीवर पुस्तकही लिहीत होते. ते प्रसिद्ध झाले नाही.

सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे खरेच आहे. पण तेवढे म्हणून थांबणे म्हणजे अर्धेच संख्याशास्त्र. डॉल आणि हिल यांनीही शंका घेतल्या. फरक इतकाच, की प्रत्येक शंका तपासायची वाट त्यांनी शोधली.

म्हणून आमची शिफारस कायम आहे, पण एका अटीवर. हफ यांचे पुस्तक वर्गात जरूर वापरावे. सोबत ६४९ रुग्णांचे वरचे आकडे फळ्यावर मांडावेत. मुलांना हव्या तितक्या शंका काढू द्याव्यात आणि प्रत्येक शंकेपुढे विचारावे : ‘हे तपासायचे तर कोणती माहिती, कशी गोळा कराल?’ उत्तर शोधताना नमुना, तुलना आणि विचरण हे शब्द त्यांना आपोआप लागतील. पाठ करून घ्यावे लागणार नाहीत.