कुमारवाङ्मयातील दासपुत्र

हिंगोली, कळमनुरी किंवा वसमत येथील एखाद्या वाचनालयात कुमारवयीन वाचकांचे कपाट उघडले, की ऐतिहासिक कादंबरीच्या नावाखाली जे हाती येते त्यात गड, खलिते, घोडदौड आणि स्वामिनिष्ठा यांची रेलचेल असते. परंतु त्या गडाचे दगड कोणी वाहिले, घोड्याला चंदी कोणी घातली आणि तोफेला बत्ती देणाऱ्याच्या घरी त्या साली जोंधळा होता की नव्हता, याची चौकशी त्या पानांत सहसा कोणी करीत नाही. हरिभाऊ आपटे व नाथमाधव यांनी पाडलेली ही वाट राष्ट्राभिमान जागविण्यासाठी होती आणि तिने आपले कार्य केले. पुढच्यांनी मात्र ती मळवून मळवून इतकी गुळगुळीत केली की तिच्यावरून जाणाऱ्या मुलाच्या पायाला खडा म्हणून लागत नाही.

या कपाटात वर्णभेदाचे दुःख आले ते सातासमुद्रांपलीकडून. वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' 1981 साली प्रसिद्ध झाले. वास्तविक ते चरित्र; पण मुलांनी ते कादंबरीच्याच ओढीने वाचले, आणि ते स्वाभाविकही होते. गुलामगिरीच्या अखेरीस जन्मलेला पोरका काळा मुलगा मोठा होऊन टस्कीगीच्या संस्थेत जातो आणि कापसाने निःसत्त्व झालेल्या जमिनीत भुईमूग पेरावयास शिकवितो, ही हकीकत ज्याच्या बापाने कापसापायी सावकाराचे उंबरे झिजविले आहेत त्याला परकी कशी वाटावी? माझी तक्रार ग्रंथाविषयी नाही, त्याच्या वाचनाविषयी आहे: सद्गुणांच्या बळावर एकटाच वर चढलेला पुरुष मुलाला वंद्य वाटतो, पण ज्या व्यवस्थेने त्याला खाली लोटले ती त्याच्या क्रोधाच्या टप्प्यात येत नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 साली आपली 'गुलामगिरी' अमेरिकेतील दास्यविमोचनासाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली, तेव्हा दोन मुलुखांतील दुःखे त्यांनी क्रोधानेच एकत्र बांधली होती. कुमारवाङ्मयाने त्यातले दुःख तेवढे उचलले.

आणि खरे पाहता काळा मुलगा शोधावयास अमेरिकेपर्यंत जाण्याचे प्रयोजनच नव्हते. मलिक अंबर हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, जन्मला, पोरवयातच विकला गेला, बगदादेकडून हिंदुस्थानात आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीतील पेशवा चंगीझखान याच्या पदरी पडला. पुढे 1624 मध्ये भातवडीची लढाई त्याने जिंकली आणि त्याने वसविलेल्या खडकीचे कालांतराने औरंगाबाद झाले. दफ्तराने त्याची जमाबंदी लक्षात ठेवली, बखरीने त्याचा गनिमी कावा. बाजारात उभा असलेला, आईची भाषा हळूहळू विसरत चाललेला तो पोर मात्र कोणाच्याच हिशेबी धरला गेला नाही. जंजिऱ्याचा सिद्दी तर आमच्या कादंबऱ्यांत बहुधा शत्रू म्हणूनच उगवतो.

मराठीत शोषितांचे बालपण लिहिलेच गेले नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. 'बलुतं' (1978) आहे, प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' (1979) तर आमच्या मराठवाड्याच्याच मातीतले आहे. परंतु ही आत्मकथने प्रौढांच्या कपाटात गेली आणि तेथेच राहिली. कादंबरीत अण्णा भाऊ साठ्यांचा 'फकिरा' (1959) हाच ठळक अपवाद: दुष्काळात धान्य लुटणारा मांग नायक, आणि पंधरा वर्षांचे पोर एका बैठकीत वाचील असा वेग. मात्र तो वारणेकाठचा. हैदराबादच्या निजामाच्या अमलातील मराठवाड्याच्या महारवाड्या-मांगवाड्यांना त्यांचा फकिरा अजून भेटावयाचा आहे. 1855 साली मुक्ता साळवे ही चौदा वर्षांची मुलगी मांग-महारांच्या दुःखाविषयी 'ज्ञानोदया'त निबंध लिहिते, आणि त्यानंतरच्या जवळजवळ पावणेदोनशे वर्षांत त्याच वयाच्या वाचकासाठी त्याच विषयावर लिहिताना आम्ही संकोचतो, हे विपरीतच.

आमच्या जिल्ह्यात नर्सी हे नामदेवांचे जन्मगाव मानले जाते, आणि औंढ्याची कथा येथे प्रत्येक मुलाला ठाऊक आहे: शिंप्याला कीर्तनासाठी देवळामागे धाडले, आणि देऊळच त्याच्याकडे फिरले. ही कथा सांगणाऱ्याला देऊळ फिरविण्याची फार घाई असते. ते फिरण्यापूर्वी, टाळ हाती घेऊन मागच्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या त्या माणसाच्या शेजारी एखादे पोरही उभे असेल, आणि त्याने विचारले असेल की आपल्याला इकडे कोणी पाठविले.