चित्रकला मेंदूच्या कोणत्या बाजूला?

‘याच्या हातात कला नाही’ हा शेरा शाळेत एकदा बसला की जन्मभर पुसला जात नाही. हा शेरा खोटा आहे, चित्र काढणे कोणालाही शिकवता येते, असे ठामपणे सांगणारे पुस्तक म्हणजे बेटी एडवर्ड्स यांचे ‘ड्रॉइंग ऑन द राइट साइड ऑफ द ब्रेन’ (१९७९).

त्यांचे मुख्य म्हणणे आम्हाला पटते. चित्र बिघडते ते हातामुळे नव्हे, पाहण्यामुळे. डोळा काढताना आपण समोरचा डोळा पाहतच नाही; मनात ठरून गेलेला बदामी आकार कागदावर उतरवतो. ही सवय मोडणारे सराव हे पुस्तकाचे खरे धन आहे. पिकासोने १९२० साली काढलेले संगीतकार स्ट्राविन्स्कीचे रेखाचित्र उलटे ठेवून उतरवायचे. नाक, बोटे चटकन ओळखू येत नाहीत, त्यामुळे रेषा आहे तशी पाहावी लागते. खुर्चीऐवजी तिच्या पायांमधल्या मोकळ्या जागांचे आकार काढायचे. एक डोळा मिटून, हात ताठ धरून पेन्सिलीने मापे घ्यायची. कोपर वाकले की पेन्सिलीचे डोळ्यापासूनचे अंतर बदलते आणि प्रमाण चुकते. समरूप त्रिकोणांचाच हा धडा!

आमचा आक्षेप आहे तो कारणमीमांसेला. डावा अर्धगोल शब्दांचा, उजवा आकारांचा. डाव्याला गप्प केले की चित्र जमते, असे पुस्तक सुचवते. याला आधार रॉजर स्पेरी यांच्या संशोधनाचा. त्यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु ज्या रुग्णांवर ते प्रयोग झाले, त्यांच्या अर्धगोलांना जोडणारा मज्जातंतूंचा पट्टा तीव्र अपस्मारावरील उपचार म्हणून कापलेला होता. निरोगी माणसात तो शाबूत असतो. उजव्या भागाला इजा झाली तर चित्राची मांडणी विस्कटते, डाव्या भागाला झाली तर तपशील गळतात; म्हणजे चित्राला दोन्ही भाग लागतात. युटा विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली १,०११ व्यक्तींच्या मेंदूच्या प्रतिमा तपासल्या. ‘उजव्या मेंदूची’ व ‘डाव्या मेंदूची’ अशी माणसांची विभागणी त्यांत आढळली नाही. ही नावे विचारांच्या दोन रीतींची आहेत, मेंदूतील जागांची नव्हेत, असा खुलासा लेखिकेने पुढे केला. शीर्षक मात्र तेच राहिले.

विद्यार्थ्यांची ‘आधीची’ आणि ‘नंतरची’ चित्रे पुस्तकात शेजारी शेजारी छापली आहेत. फरक थक्क करणारा आहे. पण त्यातून शिकवणे उपयोगी पडले एवढेच सिद्ध होते; ते का उपयोगी पडले, हे नाही.

शिवाय शब्द नेहमीच पाहण्याच्या आड येतात असेही नाही. जास्वंदीचे पुंकेसर एका नळीत जोडलेले असतात हे ज्याला ठाऊक आहे, त्या मुलाला ती नळी दिसते. इतर मुले फुलाच्या मध्यभागी नुसती एक काडी काढून मोकळी होतात. विज्ञानाच्या वहीतील आकृतीला पाहणेही हवे आणि जाणणेही.

म्हणून शिक्षकांनी या पुस्तकातील सराव जरूर घ्यावेत. आकृती पुस्तकातून उतरवू देण्याऐवजी मुलांपुढे खरे फूल ठेवावे. मेंदूची गोष्ट मात्र वर्गात नेऊ नये. ‘हातात कला नाही’ हा शेरा पुसून त्या जागी ‘हा डाव्या मेंदूचा’ असा नवा शेरा लिहिला, तर मुलाच्या पदरात काय पडले?