कोणीं पाहिलें?

जानेवारी २०१८ मध्यें तेव्हांच्या औरंगाबादेस केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनीं डार्विनचा सिद्धान्त चुकीचा ठरविला. माकडाचा माणूस होतांना कोणीं पाहिलें नाहीं, म्हणून अभ्यासक्रम बदलावा, असें त्यांचें म्हणणें.

या आक्षेपास खुद्द डार्विनच्या ग्रंथांत थोडा आधार आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. १८५९ च्या त्या ग्रंथाचा आरंभ पाळीव पशुपक्ष्यांपासून होतो. ही मांडणी मार्मिक आहे. परंतु निसर्गाची निवड चालू असतां ती आपणांस दिसत नाहीं, इतकी ती मंद, असें ग्रंथकार मानतो. येथें ग्रंथकार चुकला. आणि ती चूक परभणीच्या शेतकऱ्यानें शेतांत पाहिली.

बोंडअळीस मारक विष अंगींच असलेला बीटी कापूस भारतांत २००२ सालीं आला. पुढें ज्या थोड्या अळ्या उपजत गुणानें त्या विषांतून तगल्या, त्यांचीच प्रजा वाढली. कडेला साध्या कापसाच्या ओळी असत्या, तर विषास बळी पडणारा वंशही टिकून ही गति मंदावली असती. त्या फारशा लावल्या गेल्या नाहींत. २०१७ च्या हंगामांत गुलाबी बोंडअळीनें बोंडें पोखरलीं. वरील भाषण झालें, तें त्याच हंगामाच्या शेवटीं!

अळी ती अळीच राहिली, असें कोणी म्हणेल. खरें आहे, मनुष्य व वानर यांच्या समान पूर्वजाचा पुरावा जीवाश्मांत व शरीररचनेंत निराळा शोधावा लागतो. परंतु निवड पाहण्यास पंधरा वर्षें पुरतात. हा विचार शाळेंतून गेला, तर डार्विनचें कांहीं बिघडत नाहीं. त्या ओळी कां लावाव्या, हें ज्यास कळलें नाहीं, त्याचें पीक जातें.