बोलपटाने सुलोचनांकडून काय काढून घेतले?

मूकपटातल्या नट्या बोलपट आल्यावर मागे का पडल्या, याचे आपल्याकडे एक ठरलेले उत्तर आहे: त्यांना भाषा येत नव्हती. सुलोचना म्हणजेच रूबी मायर्स हे त्याचे नेहमीचे उदाहरण. (मराठी चित्रपटांतल्या सुलोचनादीदी वेगळ्या.) पुण्यात जन्मलेल्या, बगदादी ज्यू घराण्यातल्या, टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करता करता कोहिनूर कंपनीच्या मोहन भवनानींमुळे पडद्यावर आलेल्या या बाई विसाच्या दशकाच्या अखेरीस देशातल्या सर्वांत मोठ्या तारका होत्या. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, तेव्हा नायिका मात्र झुबेदा होत्या. तो काढणाऱ्या इम्पीरियल कंपनीची हुकमी तारका सुलोचना असूनही या पहिल्या बोलपटात त्या नव्हत्या. भाषेचा मुद्दा इथे खराच आहे, पण तेवढ्याने कथा पुरी होत नाही. त्यांनी वर्षभर हिंदुस्तानी शिकून घेतली आणि १९३२च्या बोलक्या ‘माधुरी’तून त्या परतल्या. पुढे ‘इंदिरा एम.ए.’, ‘अनारकली’, ‘बंबई की बिल्ली’ असे बोलपट त्यांनी नायिका म्हणून केले. भाषेने वाट अडवली असती तर ही चार-पाच वर्षे आलीच नसती.

या बोलपटांची नावे नीट पाहावीत. ‘माधुरी’ १९२८च्या मूकपटाचा बोलका अवतार. ‘इंदिरा बी.ए.’ १९२९चा, ‘इंदिरा एम.ए.’ १९३४चा. ‘अनारकली’ आधी १९२८ला, मग १९३५ला. ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ १९२७चा, त्याचीच ‘बंबई की बिल्ली’ १९३६ला. बाई बोलायला शिकल्या, पण त्यांनी काय बोलावे याचा नव्याने विचार कुणी केला नाही. त्यांच्या जुन्या यशालाच आवाज जोडला गेला. माझ्या मते त्यांची पीछेहाट इथे सुरू झाली, उच्चारांत नव्हे.

मूकपटातल्या सुलोचना काय होत्या, हे ‘वाइल्डकॅट’वरून कळते. एकाच चित्रपटात आठ रूपे. माळी, पोलीस शिपाई, हैदराबादी गृहस्थ अशी पुरुषी सोंगेसुद्धा त्यांत होती. ‘टायपिस्ट गर्ल’मधली शहरात नोकरी करणारी मुलगीही त्यांचीच. ही नायिका चालण्यातून, वेषातून, अंगाच्या चपळाईतून उभी राहत होती. बोलपटाने पहिला घाला घातला तो या चपळाईवर. पार्श्वगायन १९३५च्या सुमारास आले. तोवर नटीने कॅमेऱ्यासमोर स्वतःच गायचे आणि लपवलेल्या माइकच्या टप्प्याबाहेर जायचे नाही, अशी रीत होती. ‘आलम आरा’त सात गाणी होती, पुढच्याच वर्षीच्या ‘इंद्रसभा’त सत्तरच्या आसपास. पडद्यावर आता रंगभूमीचा गळा आला. ‘माधुरी’त सुलोचनांबरोबर पलुस्कर परंपरेतले गायक विनायकबुवा पटवर्धन होते आणि त्याच वर्षी प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले. गाणारा गळा हीच नटाची पहिली पात्रता ठरली, तिथे आठ सोंगे घेणाऱ्या बाईच्या कौशल्याला फारसे काम उरले नाही.

यावर कुणी विचारील की दुर्गा खोटे आणि ललिता पवार यांनीही मूकपटात काम केले होते, मग त्या कशा टिकल्या? दुर्गाबाईंच्या नावावर मूकपट असा जेमतेमच. त्यांची घडण बोलपटातलीच. ललिता पवार टिकल्या, पण १९४२ साली चित्रीकरणात चेहऱ्याला इजा झाल्यावर त्यांना नायिकापद सोडून चरित्र भूमिकांकडे वळावे लागले. उलट, भाषा असलेल्या झुबेदाही तिसाचे दशक संपेपर्यंत मागे पडल्याच. आणि ‘आलम आरा’चे नायक मास्टर विठ्ठल यांचे उच्चार कच्चे होते, तर त्यांना बराच वेळ गुंगीत दाखवून वेळ निभावून नेण्यात आली. मनात आणले तर कथेतून वाट काढता येत होती. सुलोचनांसाठी नवी कथा मात्र कुणी लिहिली नाही, ही माझी तक्रार आहे. त्यांचे मूळ काम आज बहुतांशी नष्ट झाले आहे, त्यामुळे ‘भाषा येत नव्हती’ हे सोपे वाक्यच टिकून राहिले.

१९२८ साली अनारकलीवर दोन मूकपट निघाले होते. दुसऱ्यात सीतादेवी म्हणजे रेने स्मिथ होत्या. बोलपटाच्या पडद्यावर त्यांना जागाच मिळाली नाही. सुलोचना निदान पुन्हा अनारकली झाल्या. १९५३ साली ‘अनारकली’ तिसऱ्यांदा त्यांच्या वाट्याला आली. दिग्दर्शक होते नंदलाल जसवंतलाल, ज्यांनी त्यांना ‘इंदिरा एम.ए.’त नायिका केले होते. या वेळी सुलोचना सलीमची आई होत्या. अनारकली होत्या बीना राय, आणि त्यांच्यासाठी गायल्या लता मंगेशकर. नायिकेला स्वतःचा गळा असण्याची अट तोवर उरली नव्हती.