१२ जानेवारीचा फळा

शाळेच्या व्हरांड्यातला तो फळा आपण सगळ्यांनीच पाहिलेला असतो. वर वार आणि तारीख, मधोमध सुविचार, त्याखाली दिनविशेष, कडेला आजचा पट. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना असं सगळं झालं की ज्याची पाळी असेल तो मुलगा किंवा मुलगी पुढे येऊन दिनविशेष वाचते. मग दुसरं कुणी वर्तमानपत्रातल्या ठळक बातम्या वाचतं. एवढं झालं की पसायदान आणि रांगेने वर्गात. परिपाठातली ही दोन-चार मिनिटं कुणी फारशी मनावर घेत नाही. मला मात्र ती फार मोलाची वाटतात. महाराष्ट्रातल्या हजारो शाळांत रोज सकाळी इतिहासाची एक ओळ आणि आजची एक बातमी मुलांच्या कानांवर एकापाठोपाठ एक पडते. कवितेचं रसग्रहण आपण करतो, तसं या ओळींचंही करायला हवं. त्याही मोजक्या शब्दांत लिहिलेल्या असतात आणि त्यांतही कसदार आणि पोकळ असा फरक असतो.

१२ जानेवारीचा फळा घेऊ. त्यावर बहुतेक शाळांत तीन गोष्टी असतात. राजमाता जिजाऊ जयंती, जन्म १५९८, सिंदखेडराजा. स्वामी विवेकानंद जयंती, जन्म १८६३, कोलकाता. आणि राष्ट्रीय युवा दिन, जो १९८५ पासून विवेकानंदांच्या जन्मदिनी पाळला जातो. दोन तसबिरी, दोन हार, दोन भाषणं, आणि दोन्ही भाषणांत मुलांनी कसं व्हावं याचा उपदेश. भाषण संपलं की टाळ्या आणि पांगापांग.

या फळ्यात वाचण्यासारखं काय आहे? पहिली गोष्ट म्हणजे दोन महान माणसं एका तारखेला जन्मली, हा निव्वळ योगायोग आहे. काही वक्ते त्यातून मोठा अर्थ काढायला जातात. चांगला शिक्षक तसं करत नाही. योगायोगाला तो योगायोगच म्हणतो आणि पुढे जातो. त्याला रस असतो तो वेगळ्याच जागी. विवेकानंदांच्या चरित्रात एक साधी नोंद आहे: त्यांचा जन्म मकर संक्रांतीच्या दिवशी झाला. शिक्षकाने एवढंच वाक्य सांगावं आणि थांबावं.

कारण वर्गात कुणीतरी लगेच बोट वर करणार. “सर, संक्रांत तर परवा आहे!”

इथे मुलांच्या हाताशी आजची बातमीही असते. त्याच आठवड्यात वर्तमानपत्रांत संक्रांत कधी याची चौकट छापून येते. २०२४ मध्ये ती १५ जानेवारीला होती, २०२५ मध्ये १४ ला. घरोघरी बायका दिनदर्शिका उलटून पाहत होत्या, “संक्रांत चौदालाच असते ना गं?” असं फोनवर एकमेकींना विचारत होत्या. म्हणजे आईच्या तोंडचा प्रश्न, पेपरातली चौकट आणि विवेकानंदांचा जन्म, तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी येऊन अडतात. १८६३ मध्ये १२, आज १४ किंवा १५. संक्रांत सरकते आहे. माझ्या मते या फळ्यावरची सगळ्यांत रसाळ जागा हीच. जुनी नोंद आणि आजची बातमी एकमेकींशी जुळत नाहीत, आणि ती तफावत मुलांना स्वतःला दिसते.

पुढचं काम पाचवी-सहावीच्या गणिताचं आहे. सूर्याने राशींच्या चक्रातून फिरून पुन्हा मकर राशीशी यायला ३६५ दिवस, सहा तास आणि सुमारे नऊ मिनिटं लागतात. आपण भिंतीवर लावतो त्या दिनदर्शिकेचं सरासरी वर्ष ३६५ दिवस, पाच तास आणि एकोणपन्नास मिनिटांचं. फरक वीस मिनिटांचा. दिवसाची मिनिटं १,४४०. वीसने भागा: ७२. दर बहात्तर वर्षांनी संक्रांत सरासरीने एक दिवस पुढे जाते. १८६३ ते २०२४ ही १६१ वर्षं, म्हणजे सव्वादोन दिवस. मुलं हे फळ्यावर स्वतः मांडतात, आणि बाराचे चौदा-पंधरा झालेले पाहतात. लीप वर्षामुळे संक्रांत चौदा-पंधराच्या दरम्यान थोडी पुढे-मागे होते, तेही मग कळतं. भागाकार इतका उपयोगी पडलेला त्यांनी आधी क्वचितच पाहिलेला असतो.

आणि खरी मजा नंतर आहे. हिशोब उलटा लावता येतो. पानिपतची तिसरी लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. तारीख पाहून आपल्यापैकी अनेकांनी मनात ती संक्रांतीशी जोडलेली आहे. पण १८६३ मध्येच जर संक्रांत १२ तारखेला होती, तर त्याआधी शंभरेक वर्षं ती आणखी मागे असणार, १० जानेवारीच्या आसपास. भाऊसाहेबांचं सैन्य उपाशीपोटी रणात उतरलं त्या बुधवारी संक्रांत होऊन गेलेली होती. तारीख तीच, सण तो नव्हे. हे ऐकून गप्प बसणारा मराठी मुलांचा वर्ग मला दाखवा. “मग सर, शिवजयंती तारखेची वेगळी आणि तिथीची वेगळी का?” हा प्रश्न येतोच. त्या पाठोपाठ भूगोलाचं पुस्तक घेऊन कुणीतरी उभं राहतं, कारण त्यात उत्तरायण २२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होतं असं छापलेलं असतं आणि आजी मात्र संक्रांतीला उत्तरायण लागलं म्हणते. आजीचं म्हणणंही एके काळी बरोबर होतं. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी हे दोन्ही दिवस एकत्र येत होते. तेव्हापासून ते एकमेकांपासून दूर सरकत आले आहेत.

एका ओळीतून इतिहास, खगोल, गणित आणि घरातली आजी, एवढं सगळं वर्गात आलं. आणि यात शिक्षकाचं कौशल्य कुठे होतं? त्याने भाषण केलं नाही. तीन ओळींतून कोणती ओळ उघडायची हे त्याने निवडलं, आणि प्रश्न मुलांकडून येईपर्यंत तो गप्प राहिला. गाण्याच्या बैठकीत समेवर येण्याआधी जाणता गवई क्षणभर थांबतो, तसं हे थांबणं आहे. आमच्याकडे शिक्षकांना हे थांबणं कुणी शिकवत नाही, याचं मला वाईट वाटतं.

दुसरा एक प्रसिद्ध तुकडा घेऊ. त्याची चव बहुतेकदा अर्धीच चाखली जाते. १९८१ साली भारताचा ‘अ‍ॅपल’ हा प्रायोगिक संचार उपग्रह बैलगाडीवर ठेवलेला आहे, असं छायाचित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भागात उतरलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी परिपाठात हे चित्र किती शाळांत आठवलं गेलं असेल! ‘कुठे बैलगाडी आणि कुठे चंद्र’ असं म्हणून आपण भारावतो. भावना खोटी नाही, पण तिथेच थांबलं तर मुलांना फक्त गरिबीची गोष्ट मिळते. बैलगाडी घेतली होती ती अँटेनाच्या चाचणीसाठी. मोकळ्या मैदानात, जवळपास लोखंड-पोलाद नसेल अशा जागी उपग्रह न्यायचा होता, आणि त्यासाठी लाकडी गाडी सोयीची होती. त्या गाडीमागे हिकमत होती, विज्ञानाची नेमकी जाण होती. बैलगाडीची मुलांना ओळख आहे, अँटेनाची नाही. म्हणून “ट्रक का नाही घेतला?” एवढं विचारलं तरी वर्ग विचार करू लागतो. अर्धवट सांगितलेला तुकडा कौतुक जागवतो आणि पूर्ण सांगितलेला कुतूहल. वर्गात मला दुसरं हवं आहे.

काही तारखा मात्र अशा असतात की तिथे शिक्षकाने आवाज खाली आणावा. ३० सप्टेंबर ही त्यांतली एक. १९९३ साली या दिवशी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं थकून झोपलेली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार जीव गेले. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं बसली. हे आकडे फळ्यावर लिहून ‘विनम्र अभिवादन’ म्हटलं की त्या भागातल्या शाळेची सकाळ संपू नये. तिथल्या वर्गात मुलांचे आजी-आजोबा हेच इतिहासाचं पुस्तक आहे. घरी जाऊन विचारा, त्या रात्री तुम्ही कुठे होतात, भिंती कशाच्या होत्या, छत कसलं होतं. मुलं दुसऱ्या दिवशी जे घेऊन येतात ते कुठल्याही स्वाध्यायपुस्तिकेत नसतं. दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवदाचं जड छत. हिवाळ्या-उन्हाळ्यात सुख देणारं तेच घर हादऱ्यात अंगावर आलं. ही गोष्ट विचारताना मुलांना जपावंही लागतं, कारण काही घरांत ती अजून कुणी उच्चारत नाही. सक्ती करू नये. जे सांगतील त्यांचंच ऐकावं.

याच तारखेला बातमी जोडली की एक सापळाही समोर येतो, आणि मला तो फार उपयोगाचा वाटतो. ६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तानात भूकंप झाला, तोही पहाटे. कोयनेचा १९६७ चा, ११ डिसेंबरचा, तोही पहाटेचा. एखादी हुशार मुलगी म्हणणार, “बाई, भूकंप पहाटेच होतात.” नोंदी गोळा करण्याचा नाद लागला की असे नियम झटकन सुचतात. तिला खोडून काढू नये, आणखी दोन तारखा द्याव्यात. भूज, २६ जानेवारी २००१, सकाळचे पावणेनऊ, प्रजासत्ताक दिनाचे झेंडे वर चढत असताना. नेपाळ, २५ एप्रिल २०१५, जवळजवळ दुपारचे बारा. नियम मोडला. मग वेळेचा संबंध कशाशी? जमिनीला घड्याळ नसतं, पण माणसाला असतं. पहाटे माणसं छताखाली झोपलेली असतात. भूकंप कधी येईल हे वेळ ठरवत नाही, त्यात किती माणसं सापडतील यावर मात्र तिचा मोठा परिणाम होतो. हे त्या मुलीच्या तोंडून आलं, तर त्या दिवशी इतिहासाचा तास आणि आपत्ती व्यवस्थापनाचा धडा दोन्ही झाले असं समजावं.

आता दोष सांगतो, कारण रसग्रहण म्हणजे नुसती स्तुती नव्हे. आपल्या शाळांतला दिनविशेष जयंत्या आणि पुण्यतिथ्यांनी गच्च भरलेला असतो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी निघाली. तेव्हा डोंगर, खाडी, भाडं, वेळापत्रक, जातपात विसरून एका डब्यात बसणं, यांचं काय झालं हे सांगण्यासारखं अफाट आहे. पण फळ्यावर येतं ते फक्त ‘पहिली रेल्वे धावली’. मग ती ओळ स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात जाते आणि ‘पहिला कोण, पहिली केव्हा’ एवढ्यावर संपते. बातम्यांचंही तसंच. मुलं मथळे वाचतात, त्यातला एक शब्दही त्यांना कळलेला नसतो, आणि कुणी विचारतही नाही. चार मथळ्यांऐवजी एक बातमी घ्या, पण तिच्यातलं एक गाव नकाशावर दाखवा.

आणि खरेपणा. मोबाइलवर फिरणाऱ्या नोंदींचा आता सुकाळ आहे. त्यातल्या किती खऱ्या? चंद्रावरून चीनची भिंत दिसते, हे वर्षानुवर्षं शाळांत सांगितलं गेलं. २००३ मध्ये चीनचाच पहिला अंतराळवीर यांग लिवेई पृथ्वीभोवती फिरून आला. चंद्र तर फार दूर राहिला, पृथ्वीच्या कक्षेतूनही आपल्याला ती भिंत दिसली नाही, असं त्याने सांगितलं. फळ्यावर लिहिलेलं मूल खरं मानतं. म्हणून जी नोंद आपण पडताळलेली नाही ती तिथे लिहूच नये. हा नियम मी फार कडक मानतो. नोंद कितीही गोड असो, खोटी असेल तर तिच्यावर उभा राहिलेला सगळा तास वाया जातो.

परिपाठाला वेळ कमी असतो, पोर्शन पुरा करायचा असतो, वर्गात साठ मुलं असतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून रोज असं करा असं मी म्हणणार नाही. आठवड्यातून एक दिवस पुरे. त्या दिवशी फळ्यावर चार नावं लिहू नका, एकच नोंद लिहा. तिच्याशी न जुळणारी आजची एक बातमी शेजारी लिहा. उत्तर त्याच दिवशी सांगू नका. मुलांना ते घरी नेऊ द्या, आईला, आजोबांना, शेजारच्या काकांना विचारू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना संपल्यावर कुणाचं बोट आधी वर येतं ते बघा, आणि त्या मुलालाच पुढे बोलवा.