लाल पट्ट्यातला डाव

डॅन हॅरिंग्टनने १९९५ साली पोकरची जागतिक स्पर्धा जिंकली. पुढे बिल रॉबर्टीच्या जोडीने त्याने 'हॅरिंग्टन ऑन होल्डेम' लिहिलं. २००४ ते २००६ या काळात त्याचे तीन खंड आले. दुसरा खंड स्पर्धेच्या शेवटाकडच्या खेळाचा. तो मी लॉकडाऊनमध्ये लोणखेड्याच्या घरी वाचला. दिवसा ऑफिसचं काम, रात्री ५५ रुपये प्रवेशाच्या छोट्या ऑनलाइन स्पर्धा, आणि मध्ये हे पुस्तक.

पुस्तकाची खरी देणगी म्हणजे 'एम'. पत्ते बघण्याआधीच दोन खेळाडूंना सक्तीची रक्कम टाकावी लागते, तिला ब्लाइंड म्हणतात. आपल्या चिप्सना एका फेरीच्या या खर्चाने भागलं की एम मिळतो. माझ्याकडे १२०० चिप्स आणि ब्लाइंड ५० व १०० असतील, तर एम ८. ब्लाइंड दुप्पट झाले की एकही पत्ता न खेळता एम ४. वीसच्या वर हिरवा पट्टा, मग पिवळा, नारिंगी, आणि पाच किंवा खाली लाल. लाल पट्ट्यात वाट बघणं हीच चूक. बरे पत्ते दिसले की सगळं पणाला लावायचं. हातातल्या पत्त्यांपेक्षा उरलेला वेळ मोजायला हे पुस्तक शिकवतं. लहान स्पर्धांत ब्लाइंड भराभर वाढतात, तिथे तर हे शिक्षण सोन्यासारखं.

मी प्रत्येक स्पर्धेची नोंद ठेवली. ४०० स्पर्धा, २२,००० रुपये प्रवेश, एकूण तोटा १,६४०. मात्र प्रत्येक ५५ पैकी ५ रुपये चालवणाऱ्याचे होते, म्हणजे २,०००. समोरच्यांकडून मी ३६० रुपये जिंकलो होतो आणि बसायच्या भाड्यात हरलो होतो. ४०० डावांवरून काही सिद्ध होत नाही, हे मान्य. पण हिशेब शिकवणाऱ्या या पुस्तकाने माझं लक्ष त्या पाचांकडे कधी वळवलं नाही.

याहून मोठी उणीव आप्पांनी दाखवली, पुस्तक न वाचता. त्या वर्षी पपईवर व्हायरस आला होता. ठिबकचं कर्ज, मजुरी, खतं. ब्लाइंड वाढतच होते. मी त्यांना एम समजावला आणि म्हणालो, "आप्पा, तुम्ही लाल पट्ट्यात आहात. उरलेलं सगळं पुढच्या लागवडीत घाला, अर्धवट खर्च करू नका."

त्यांनी विचारलं, "हा तुझा खेळ रात्रीत किती वेळा खेळता येतो?"

"पाच-सहा वेळा."

"मग तुझं बरोबर आहे. मला वर्षातून एकच डाव."

त्यांनी दोन एकर पपईऐवजी हरभरा केला. फायदा फार झाला नाही, पण जमीन गहाण पडली नाही.

हॅरिंग्टनचा सल्ला चुकीचा नाही. तो उभा आहे तो उद्या पुन्हा ५५ रुपये भरता येतात या गृहीतकावर. ते पुस्तकात नियमासारखं कुठे ठळक दिसत नाही, आणि माझ्यासारखा वाचक पट्ट्यांचे रंग तेवढे उचलतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, माझंही खेळणं त्याआधीच थांबलं होतं. दुसरा खंड मी आजही मित्रांना वाचायला देतो. देताना एकच विचारतो: हरलास तर पुढचा डाव कधी?