खलनायकाच्या तोंडची बाई

वर्गात दोन मुलांचे भांडण झाले, की जो आधी येऊन मोठ्याने सांगतो त्याचीच बाजू मास्तरांना खरी वाटू लागते. वीस वर्षे शिकवतो आहे, तरी ही चूक माझ्या हातून अजून होते. कादंबरी वाचतानाही ती होते. थॅकरेची ‘बॅरी लिंडन’ वाचताना माझी झाली.

१८४४ साली ‘फ्रेझर्स मॅगझिन’मधून क्रमशः आलेली ही कादंबरी एका आयरिश भामट्याने स्वतःच्या तोंडाने सांगितली आहे. तो सैन्यात जातो, जुगारावर जगतो, एका धनाढ्य विधवेला गाठून तिच्याशी लग्न लावतो आणि तिची इस्टेट उधळतो. केलेला छळही तो फुशारकीने सांगतो आणि त्याच्याच शब्दांनी त्याचे सोंग उघडे पडत जाते. हे थॅकरेने असे साधले आहे, की माझ्यासारख्याने त्याच्यापुढे पाटी घेऊन बसावे. माझी तक्रार कारागिरीविषयी नाही, त्या विधवेविषयी आहे. लेडी लिंडन पुस्तकभर दिसते ती पोकळ, आढ्यताखोर, कवितांचे खूळ असलेली बाई म्हणून. भामटा खोटारडा आहे हे आपण ओळखतो, पण त्याने रंगवलेली बायको मात्र खरी धरून चालतो.

या बाईमागे एक खरी बाई होती. मेरी एलिनर बोझ तिचे नाव, जन्म १७४९ चा. इंग्लंडच्या उत्तरेस न्यूकॅसलजवळ गिबसाइड नावाची इस्टेट आहे. तिचे मालक जॉर्ज बोझ कोळशाच्या खाणींवर गबर झालेले. त्यांची ही एकुलती मुलगी. १७६० मध्ये ते वारले, तेव्हा अकरा वर्षांची ही पोर अफाट संपत्तीची धनीण झाली. अठराव्या वाढदिवशी तिचे लग्न अर्ल ऑफ स्ट्रॅथमोरशी झाले. बापाच्या इच्छेप्रमाणे जावयाने बोझ हे आडनाव घेतले आणि त्यासाठी पार्लमेंटला कायदा करावा लागला. तिला पाच मुले झाली. तिने एक पद्यनाटक लिहिले, गिबसाइडला नाजूक झाडांसाठी उंच खिडक्यांचे वनस्पतिगृह बांधले, दक्षिण आफ्रिकेतून झाडे आणायला माणूस पाठवला. कादंबरीत जे खूळ म्हणून हसण्यावारी गेले, ते हे.

ती साध्वी नव्हती. १७७६ मध्ये नवरा वारला, तेव्हा दुसऱ्याच एका गृहस्थाशी तिचे संबंध जुळलेले होते. अशा वेळी अँड्र्यू रॉबिन्सन स्टोनी हा आयरिश लेफ्टनंट पुढे आला. वर्तमानपत्राने तिची बदनामी केली म्हणून तो संपादकाशी द्वंद्व खेळला आणि ‘मरणशय्येवर’ पडून त्याने तिचा हात मागितला. १७ जानेवारी १७७७ रोजी लग्न लागले. नवरदेव लवकरच खडखडीत बरे झाले! ते द्वंद्व बनावट होते असेच अभ्यासक मानतात. पुढची आठ वर्षे मार, उपास आणि कोंडमारा. गिबसाइडची जुनी झाडी त्याने तोडून विकायला काढली.

मात्र लग्नाआधीच तिने गुपचूप एक दस्त करून इस्टेटीचे उत्पन्न स्वतःच्या ताब्यात ठेवले होते. बायकोचे सारे ते नवऱ्याचे, असा कायदा असतानाची ही गोष्ट. स्टोनीने दांडगाईने तो दस्त रद्द करून घेतला. १७८५ मध्ये मेरी मॉर्गन या मोलकरणीच्या साहाय्याने ती पळाली. १७८६ मध्ये त्याने भर लंडनमधून तिला पळवून नेले. तिथूनही ती सुटली. १७८८ मध्ये न्यायालयाने जबरीने केलेले रद्दपत्र बाद ठरवले आणि १७८९ मध्ये धर्मन्यायालयाकडून तिला नवऱ्यापासून फारकत मिळाली. दस्त करणारी, कोर्टाची पायरी चढणारी ही बाई, आणि तिच्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालणारी ती मोलकरीण, यांच्या तोलाचे पात्र मला ‘बॅरी लिंडन’मध्ये सापडले नाही. हकीकत थॅकरेला ठाऊक नव्हती असे नाही. मेरी एलिनरचा नातू जॉन बोझ याच्याकडूनच त्याने ती ऐकली होती.

कोणी म्हणेल, बाईचे आत्मकथन आहे ना? आहे. ‘कन्फेशन्स’ नावाचे. १७७८ मध्ये स्टोनीने तिला धाकात घेऊन तिची सारी पापे तिच्याच हाताने लिहून घेतली आणि १७९३ मध्ये ती छापली. म्हणजे एका पुस्तकात भामटा ‘मी’ म्हणतो, दुसऱ्यात बाई ‘मी’ म्हणते, आणि दोन्हींमागे मूठ त्याचीच. आत्मचरित्र म्हटले की ते खरेच, असे मानणाऱ्या आपण वाचकांनी येथे थांबायला हवे. तिचा आवाज ऐकायचा तर मला वाटते तो त्या दस्तात आणि कोर्टाच्या कागदांतच ऐकावा लागेल.

आपल्या डॉ. रखमाबाईंची येथे आठवण होते. नवऱ्याने बायकोला नांदायला बोलावण्याचा जो दावा १८८४ मध्ये मुंबईत त्यांच्यावर झाला, तो मुळात इंग्रजी धर्मन्यायालयांतूनच इकडे आलेला. १८८७ मध्ये नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा, असा हुकूम झाला. पण त्यांनी त्याआधीच ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पत्रे लिहून आपली बाजू मांडली होती. टोपणनावाने का होईना, तो ‘मी’ त्यांचा स्वतःचा होता.

मेरी एलिनर १८०० मध्ये वारली. गिबसाइडचा वाडा आज बिनछपराचा आहे. बापाने उभारलेला स्वातंत्र्यदेवतेचा उंच स्तंभ आणि तिच्या वनस्पतिगृहाच्या भिंती मात्र उभ्या आहेत.

माझ्या पहिल्या कादंबरीत एका खोताने आपली कथा सांगितली आहे. वाचकांना खोत आवडला, त्याच्या बोलण्याची वाहवा झाली. त्याच्या बायकोबद्दल एकानेही विचारले नाही. परवा ते पुस्तक पुन्हा काढून पाहिले. दोनशे पानांत ती बाई चहा आणून ठेवते आणि दाराआड जाते. तिला काय म्हणायचे होते, हे लिहिताना मी तिला विचारले नव्हते.